माजी विद्यार्थ्यांकडे देणगी मागायची कशी? फोनवर गोड बोलतात, पुढे काहीच नाही

अजिंक्यताऱ्याच्या_पायथ्याशी
नमस्कार मंडळी. मी साताऱ्यातल्या एका कॉलेजच्या माजी विद्यार्थी कक्षात काम करते, दीड वर्ष झालं. आधी मेळावा भरवायचा, व्हॉट्सॲप ग्रुप सांभाळायचे आणि नॅकसाठी (कॉलेजचं मूल्यांकन करणारी संस्था) फोटो, हजेरीचे कागद फाईलला लावायचे एवढंच होतं. जूनपासून वरून आलंय की अभ्यासिकेसाठी निधी तुम्हीच उभा करा. १४० जणांना फोन केले, सगळे "हो हो, नक्की, सांगतो" म्हणाले, पैसे आले तिघांचे. एक काका म्हणाले, "बाळ, ३१ वर्षांत कॉलेजचा हा पहिला फोन, आणि तोही पैशासाठी." त्या दिवशी पुढचा नंबर लावायला हातच उचलेना, कारण ते काही चुकीचं बोलले नव्हते. काम मला मनापासून आवडतं, सोडायचं नाहीये. पण मागायचं कसं? आणि दुबई-अमेरिकेतल्या लोकांकडून घेताना नियम काय, तेही कुणाला माहीत असेल तर सांगा.

कृष्णाकाठ_सांगली
ताई, सांगलीत हेच काम मी ११ वर्षं केलं, आता रिटायर आहे. एकच सांगतो, पहिला फोन पैशासाठी करायचाच नाही. ऑफिसातून जनरल रजिस्टर काढून घ्या. मी एकदा १९७३ सालचं काढलं होतं, दुष्काळानंतरची बॅच, शाई पार तांबूस झालेली, पानं उलटताना कडा हाताला लागून यायच्या. एका नावापुढे गाव, वडलांचा धंदा "शेतमजूर", आणि बाजूला बारीक अक्षरात "फी माफ". त्या गृहस्थांना फोन लावला, तेच आहेत याची खात्री करून घेतली आणि ती ओळ त्यांना वाचून दाखवली. बराच वेळ पलीकडून आवाजच नाही. मग मेसचे पैसे कोणत्या सरांनी भरले, कुणाची चप्पल घालून परीक्षेला गेले, सगळं सांगत बसले, पाऊण तास. मी काहीही मागितलं नाही. दिवाळीत स्वतः आले आणि विचारलं, आता फी कुणाला जड जाते? तेव्हापासून दरवर्षी सहा पोरांची परीक्षा फी भरतात. रक्कम मोठी नाही पण एकही वर्ष चुकलेलं नाही. (अशी ओळ फक्त ज्याची त्यालाच सांगायची, ग्रुपवर कधीही टाकायची नाही.)

आणि ताई तुम्ही तर साताऱ्यात बसलाय. कर्मवीर आण्णांनी, म्हणजे भाऊराव पाटलांनी, १९१९ ला कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू केली, १९२४ ला साताऱ्याला आणली, ती काय फक्त मोठ्या देणग्यांवर उभी राहिली का? त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी बोर्डिंगच्या पोरांसाठी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा, हे सगळ्यांना माहीत आहे. पण मुष्टी फंड आठवा, घराघरातून मूठमूठ धान्य. मूठभर जोंधळे देणाऱ्या बाईलाही बोर्डिंग आपलं वाटायचं. म्हणून "यथाशक्ती द्या" म्हणू नका, त्यानं माणूस गोंधळतो. एका खुर्चीला किती, एका दिव्याला किती, ते सांगा.

हिशोबनीस_कराड
नियमांचं मी सांगतो. पैसे कॉलेजच्या संस्थेच्या खात्यात जातात की माजी विद्यार्थी मंडळाच्या, ते आधी बघा, कारण ८०जी (देणगीवर आयकरात वजावट मिळवून देणारी नोंदणी) ज्याच्या नावावर आहे त्याचीच पावती चालते. २००० च्या वर रोख दिली तर वजावट नाही. वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत आयकर खात्याकडे देणग्यांचं विवरणपत्र भरून देणगीदाराला त्याचं सर्टिफिकेट द्यावं लागतं, ते गेलं नाही की त्याची वजावट अडकते आणि तो परत तुमचा फोन उचलत नाही. नवीन करप्रणाली घेतलेल्याला ८०जी मिळतच नाही, त्यामुळे सरसकट "टॅक्स वाचेल" असं बोलू नका.

बाहेरदेशी असलेल्याला पहिलं विचारा, पासपोर्ट कुठला. भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवत असेल तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळतं ते) असलं तरी, एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, लागू होतो. रजिस्ट्रेशन किंवा पूर्वपरवानगी लागते आणि पैसा दिल्लीच्या स्टेट बँक मुख्य शाखेतल्या ठराविक खात्यातच घ्यावा लागतो. ते नसेल तर साधे १०० डॉलरही घेऊ नका, माणूस कितीही आपला असला तरी.

पाटणचा_नवी_मुंबईत
मी देणाऱ्यांच्या बाजूचा. एका कॉलेजला वॉटर कूलरसाठी ५००० दिले होते, पावती आली आणि मग सगळं शांत, पुढच्या वर्षी परत फोन. यात्रेला गावी आलो तेव्हा मुद्दाम बघायला गेलो तर कूलर बंद, वर वह्यांचे गठ्ठे ठेवलेले. वाईट पैशाचं नाही वाटलं, मला कुणी दुरुस्तीचं सांगितलं असतं तर मी तेही दिले असते. नुसता एक फोटो पाठवत जा हो, काम झालं तरी आणि अडलं तरी.

अजून एक, मेळावा फेब्रुवारीतल्या बुधवारी ठेवला तर आम्ही कसं येणार? जावळी-पाटणची निम्मी माणसं मुंबईत, माथाडीत, मार्केटमध्ये, गावी येणार ती यात्रेला नाहीतर मे महिन्यात. तेव्हा ठेवा. आणि तुमच्या यादीत फक्त डिग्री घेतलेले असतील, एफवायला कॉलेज सुटून कामाला लागलेलेही तुमचेच की. मी त्यातलाच, मला आजवर कुणी माजी विद्यार्थी म्हटलेलं नाही.

अजिंक्यताऱ्याच्या_पायथ्याशी
सगळ्यांचे खूप आभार, वाचताना डोळ्यात पाणी आलं. पाटणचे दादा, तुमचं पटलं, यादी उद्यापासून प्रवेश रजिस्टरवरून करते, डिग्रीच्या यादीवरून नाही. आज त्या ३१ वर्षंवाल्या काकांना परत फोन केला, पैशाचं काढलंच नाही. जुनी अभ्यासिका कुठे होती ते सांगत होते, खिडकीखालची जागा मिळावी म्हणून पहाटे पाचला यायचे म्हणे. शनिवारी ती जागा बघायला येतायत.

हिशोबनीस दादा, एक घोळ सापडला. आमचं मंडळ वेगळं रजिस्टर आहे, पैसे मंडळाच्या खात्यात येतात आणि पावती मात्र संस्थेची जातेय. तिघांना तशाच गेल्यात. काय करू?

हिशोबनीस_कराड
आजच थांबवा. तिघांना स्वतः फोन करून चूक सांगा, आणि सोमवारी मंडळाचे कागद घेऊन तुमच्या सीएकडे जा.