जोडी दुसऱ्याची, छाती माझी का फुगते?

धुऱ्यावरचा:
परवाच्या शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, आमच्या गावची जोडी पहिली आली. बैल माझे नाहीत, अन् जोडी हाकणाऱ्या धुरकऱ्याशी तर दोन वर्षांपासून बोलणं बंद. तरी घड्याळ थांबलं तसा मी दुपट्टा भिरकावला, "आपण जिंकलो!" वरून, पलीकडच्या गावचा बैल ठेचाळला तेव्हा आतून बरं वाटलं. मुक्या जनावराशी माझं काय वैर?

हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञाने 1970च्या सुमारास ब्रिस्टलला शाळकरी पोरांचे दोन गट पाडले. सांगायला कारण, कोणाला कोणता चित्रकार आवडतो. खरं तर वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखीच. आपल्या गटात कोण आहे हेही पोरांना ठाऊक नव्हतं. तरी पैसे वाटताना आपल्या गटाला झुकतं माप. आपल्या गटाला थोडे कमी मिळाले तरी चालतील, पण समोरच्यापेक्षा जास्त हवेत! पोरांत तंटा आधी नव्हताच.

नाल्याकाठी:
भाऊ, पैसे वाटाचा खेळ अन् पाण्याचा तंटा एक नाही. बंधाऱ्याच्या फळ्या पलीकडच्या गावच्याहीनं रात्री काढल्या, हरभरा आमचा वाळला. राग मनातून नाही, वावरातून आला. शास्त्राच्या नावाखाली खरी तक्रार कायले बुजवता?

धुऱ्यावरचा:
तक्रार खरीच. पण फळ्या काढल्या तिघा-चौघांनी, अन् आपण सोयरीक तोडली अख्ख्या गावाशी. शिवाय हरभरा तुमचा वाळला, माझं वावर वरच्या अंगाला. मग मला राग कुठून आला? 2014ला सुप्रीम कोर्टाने शर्यतींवर बंदी आणली तेव्हा याच दोन गावचे बैलवाले एका गाडीत बसून मोर्चाला गेले होते. तेव्हा 'ते' म्हणजे कोर्ट.

नाल्याकाठी:
गावात राहता म्हून आला राग. याले पाह्यजे. तुमच्यासारखे वरच्या अंगाचे आले नसते तर आमचं चौघाईचं तहसीलीत कोणी ऐकलं असतं का? तेव्हा तुमचा ताजफेल नव्हता आठवला.

दोन्हीकडची:
माझं माहेर ते, सासर हे. फळ्या माहेरच्यांनी काढल्या हे कळलं तेव्हा मला रागाआधी लाज वाटली. मी काय केलं होतं? आठ दिवस पाण्याला बायांच्या मागे जायची.

नाल्याकाठी:
ताई, तुमाले कोणी बोललं नाही.

दोन्हीकडची:
बोललं नाही, खरं आहे. परवा पटात सासूबाईंजवळ ट्रॅक्टरवर बसले होते. तो ठेचाळलेला बैल माझ्या भावाचा. तुम्ही सगळे ओरडलात तेव्हा मी उतरून घरी आले.