अनुभव धागा: डिसेंबरचा वर्ग

मिशनच्या शाळेत डिसेंबर म्हणजे तीन आठवड्यांचा महिना. नाताळची सुट्टी लागायच्या आत आगमनकाळ (नाताळआधीचे चार रविवार, वाट बघण्याचा काळ), तारा, गोठा, नाटुकलं सगळं बसवायचं असतं. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या बाई, सर, सिस्टर, तुमच्या वर्गात काय जमतं, काय फसतं ते लिहा. कौतुक नको, कृती लिहा.

बेळगाव, तिसरी
आगमनकाळाचा पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरमध्ये कधीही येतो. दर रविवारची एक मेणबत्ती: तीन जांभळ्या, एक गुलाबी. गुलाबी तिसऱ्या रविवारची. वर्गात ती सोमवारी पेटवायची. २०२३ सालासारखा चौथा रविवार २४ तारखेला आला तर चौथी शाळेत पेटतच नाही. ती तशीच ठेवा, उरकून टाकायला आधी पेटवू नका. "ही का नाही?" असं पोरं विचारतातच, आणि वाट बघण्याचा धडा तिथंच होतो.

खानापूर, सातवी, कार्यानुभव
ताऱ्याला अडीच फुटी १० कामट्या आणि ५ इंची ५ तुकडे. पाच कामट्यांचा एक तारा, असे दोन. टोकाला टोक बांधा, मग आतल्या पाच फुल्यांत तुकडे अडकवून पोट फुगवा. एखादी कामटी अर्धा इंच जास्त असली तरी तारा लंगडतो, म्हणून दहाही एकत्र धरून एकदाच कापा. तुकडा ७ इंची घेतलात तर टोकाचे दोरे सुटतात. कागद पतंगाचा, जिलेटीन खळीला धरत नाही. इकडं रात्री दव पडतं, व्हरांड्यात टांगलेला तारा सकाळी सुटलेला असतो, तेव्हा खळ वाळेपर्यंत वर्गातच. एक पाकळी उघडी ठेवा, होल्डर तिथून आत जातो. बल्ब एलईडीचाच, जुना पिवळा बल्ब कागद करपवतो.

निपाणी, पाचवी
गोठ्यापुढच्या हिरवळीला गहू. रात्रभर भिजवा, फडक्यात मोड आणा, १० तारखेच्या आसपास ताटात पेरा. सुट्टीआधी वीतभर नाही तरी चार बोटं नक्की. आमची काळी माती ताटात थापते आणि भेगाळते, निम्मी वाळू घाला. पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही, नाहीतर बुरशी. एक ताट कपाटात ठेवा: पिवळी, लांबुडकी रोपं आली की विज्ञानाचा तास तयार. पिंजर मात्र खडखडीत वाळलेलं घ्या.

बेळगाव कॅम्प, नाटुकलं
येशूजन्माच्या गोष्टीतले मेंढपाळ आणि गव्हाणी लूकच्या शुभवर्तमानात, तारा आणि मागी (पूर्वेकडचे ज्ञानी, नाटकातले राजे) मत्तयच्या. नाटकात दोन्ही येऊ देत, पण आधी दोन्ही उतारे वेगवेगळे वाचून घ्या. मागी किती होते हे मत्तयनं लिहिलेलंच नाही. भेटवस्तू तीन (सोनं, ऊद, गंधरस), म्हणून राजे तीन. तेव्हा पाच घ्या खुशाल, भूमिका मिळाली नाही म्हणून रडणारी दोन पोरं तरी कमी होतील. ऊद मुलांना ठाऊक असतो, गंधरस समजावून सांगावा लागतो. मेंढपाळांना टॉवेल कशाला, घोंगडी आहे की! फक्त दोन दिवस उन्हात घाला, नाहीतर डांबरगोळ्यांच्या वासानं स्टेजवर शिंका. निवेदन कन्नडात, संवाद मराठीत. एकाच पात्राच्या तोंडी दोन्ही दिल्या की पोरगं हमखास अडतं.

खानापूर, चौथी
गरजूंना द्यायला पोरांकडून मूठभर तांदूळ गोळा करत असाल तर एका डब्यात ओतू नका. रेशनचा, उकडा, बासमती एकत्र झाले की निम्मे कच्चे, निम्मे गिच्च. ज्याला दिले त्याला शिजवता येत नाहीत. उकडा वेगळा, बाकीचे वेगळे, अर्ध्या किलोची पाकिटं, वर नाव.