रेडिओवरचं १५६६ बंद झालं, त्याची आठवण काढायची की नाही?

रात्रपाळीवाला: आकाशवाणीचं नॅशनल चॅनेल जानेवारी २०१९ मधे बंद पडलं, आदल्या डिसेंबरात प्रसार भारतीने खर्चाचं कारण देऊन आदेश काढला नि खेळ खलास. स्टुडिओ दिल्लीला पण रात्रभर आवाज फेकायचं आपलं नागपूर, मीडियम वेव्ह १५६६, १ मेगावॉटचा ट्रान्समीटर. १३ फेब्रुवारीला रेडिओ दिन असतो, त्या रात्री जुन्या कॅसेटा लावून जमूया का? मी वॉचमनच्या केबिनमधे कितीतरी वर्षं यावर काढलीत, तासातासाला बातम्या लागायच्या, त्या संपल्या की उठून राउंड मारायचो, घड्याळ बघितलंच नाही कधी.

हिशेबी: जमा की, पण १ मेगावॉट म्हणजे १००० किलोवॉट, रात्रीचे अकराएक तास धरले तरी रोजचे ११,००० युनिट नुसते हवेत, ट्रान्समीटर खातो ते वेगळं. आणि खरं सांगा, बंद पडायच्या आधी तुम्ही शेवटचं कधी लावलं होतं? मयताला गर्दी, आजारपणात कोणी नाही, तसलं चाललंय.

वावरवाला: काऊन जी, युनिट आमाले सांगता? आमच्याकडं पंपाची लाईन रात्रीच देतेत, हरभऱ्याले पाणी द्याले बारा वाजता वावरात जा लागते. स्टार्टरच्या पेटीले रेडिओ टांगून ठेवायचो. मोटर सुरू झाली का नुसता घर्रर्र, मंग रेडिओ थोडा आडवा फिरवला का गाणं बराबर निघे. रेडिओचं ॲप म्हणाल तर ते तिथं चालत नाही, रेंजच नाही.

उगाच_एक: सगळं खरं, पण त्यात मराठी किती होतं? हिंदी नि इंग्रजी. नागपूरचं मराठी ५८५ वर, ते वेगळं स्टेशन. मग आपण कशाला गळा काढायचा?

रात्रपाळीवाला: मराठी नव्हतंच जवळजवळ, कबूल. तरी मीडियम वेव्ह रात्री आयनोस्फिअरवरून, म्हणजे हवेच्या पार वरच्या थरावरून, परत खाली येते म्हणून एका नागपुरातून कुठल्या कुठे ऐकू जायचं, दिवसा तेवढं जमत नाही. पुरात मोबाईल टॉवर गेले की काय करणार?

हिशेबी: मग पुराच्या रात्री लावा ना! रोज पहाटेपर्यंत गझला कशाला?

रात्रपाळीवाला: रोज लावणाराच सेल भरून ठेवतो हो, एरवी रेडिओ माळ्यावर. बंद करण्याआधी एवढा तरी विचार व्हायला हवा होता.

वावरवाला: मी येतो, फक्त त्या राती लाईनची पाळी नसली पायजे.

हिशेबी: कॅसेट खरंच आहे का पण कोणाकडे?

रात्रपाळीवाला: एक आहे, सुट्टीच्या रात्री घरी भरलेली. अर्धी खरखर, नि ऐन बातम्यांत बायको विचारतेय, झोपणार आहात का आज.