मदत हवी आहे: जुगार सोडतोय, हर्णै-दापोलीकडे सोबत मिळेल का?

नमस्कार मंडळी. मी हर्णैचा, बोटीवर जातो. आज 47 दिवस झाले, मटका लावला नाही. मोबाईलवरची रमी 2025 च्या कायद्याने बंद झाली, पण टपरीवरचा आकडा कुठे जातोय? एटीएम कार्ड बायकोकडे दिलंय, उधारी वहीत लिहून काढली. दिवस निघतो. ओपन (मटक्याचा पहिला आकडा) फुटायची वेळ झाली की मात्र हात आपोआप खिशात चिठ्ठी शोधतो, घशाला कोरड पडते. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, हातात काम नाही, त्याचीच जास्त भीती वाटते.

14416 या टेली मानसवर (मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन) मराठीत बोललो, बाईंनी शांतपणे ऐकलं. पण मला यातून गेलेला माणूस समोर हवाय. गॅम्ब्लर्स ॲनॉनिमस, म्हणजे जुगार सोडणाऱ्यांचा गट, 1957 पासून असंच चालतं म्हणे: फी नाही, आडनाव नाही, एकमेकांचं ऐकायचं. दापोली, खेड, रत्नागिरीत अशी बैठक होते का? नसेल तर दोघं-तिघं आठवड्यातून एकदा बसूया का? आणि मटक्यातल्या जुन्या जोडीदाराला, तो रोज जेटीवर भेटतो, नाही कसं सांगितलंत तुम्ही?