एजंटदादा, तुम्ही नेमके कुणाचे?

शहापूरकर: काल इथं एका एजंटदादांनी लिहिलं, "आम्ही फक्त ओळख करून देतो. दोन्हीकडून दोन-दोन टक्के घेणं आमचा हक्क. परवडत नसेल तर गिऱ्हाईक स्वतः शोधा." ते वाचून रात्रभर झोप नाही.

बाबांचा बेळगावजवळ हिंडलग्याकडं एनए (बिगरशेती) प्लॉट होता, 30 बाय 40 फूट. एजंट गल्लीतलाच, बाबांना काका म्हणणारा. मार्केट थंड आहे, फुटाला 1500 च्या वर कोण देत नाही म्हणाला. 18 लाखांत ठरलं. 50 हजार देऊन बाँडवर संचकारपत्र (विसाराचा करार) एजंटानं स्वतःच्या नावानं करून घेतलं. "काका, नुसती पद्धत असते हो." तीन महिन्यांनी सब-रजिस्ट्रारकडं फोटो-अंगठे झाले, बाहेर चहा घेताना घेणाऱ्याची बायको आईला म्हणाली, "22 लाख जरा जास्तच झाले, पण जागा आवडली." आईनं कप तसाच कट्ट्यावर ठेवला. मधले 4 लाख गेले, आणि वर बाबांकडून 2 टक्के, म्हणजे 36 हजार, त्यानं त्याच संध्याकाळी घरी येऊन नेले.

अनगोळचा एजंट: कालचं मीच लिहिलं होतं. बाबांना 18 पाहिजे होते, 18 मिळाले. संचकार त्याच्या नावानं म्हणजे 50 हजार त्याचे अडकले. गिऱ्हाईक मिळालं नसतं तर तुम्ही परत दिले असते? जोखीम त्याची, मग नफाही त्याचाच.

शहापूरकर: मग तो खरेदीदार झाला. खरेदीदार मालकाकडून कमिशन कशाचं घेतो? एक तर घेणारा व्हा, नाहीतर आमचा माणूस व्हा.

टिळकवाडीतला वकील: मुद्दा बरोबर आहे. 1872 च्या करार कायद्याचं कलम 216 बघा. मालकाला न कळवता एजंटानं त्याच व्यवहारात स्वतःसाठी सौदा केला, तर त्यातला फायदा मालक मागू शकतो. 36 हजारांची पावती असेल तर जपून ठेवा. तो एजंट म्हणूनच वागत होता हे तीच दाखवते.

निपाणीकर: रेराकडं, म्हणजे घर-जागा प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाकडं, तक्रार टाका की.

टिळकवाडीतला वकील: एजंटची नोंदणी 2016 च्या रेरा कायद्यानं सक्तीची आहे ती रेरात नोंदलेल्या प्रकल्पातली विक्री करून देणाऱ्याला. काकांचा एकटा जुना प्लॉट त्यात बसत नाही.

खानापूरची सून: एजंटला सगळेच शिव्या देता, पण तो लागतो कशाला ते कोण बोलत नाही. उतारा कन्नडात, ईसी (जागेवरचे बोजे-व्यवहार दाखवणारा दाखला) कन्नडात. सासूबाईंना मराठी चौथीपर्यंतचं येतं. उताऱ्याच्या 11 नंबरच्या रकान्यात सोसायटीचा बोजा होता, तो आम्हाला एका एजंटानंच वाचून दाखवला. नाहीतर कर्ज डोक्यावर घेऊन जमीन घेतली असती. त्या माणसानं चहासुद्धा घेतला नाही.

निपाणीकर: कन्नड शिका मग. किती वर्षं तेच रडगाणं?

खानापूरची सून: माझी मुलगी शाळेत शिकते, चांगले मार्क आणते. 72 वर्षांच्या बाईनं आता बाराखडी गिरवायची का? 1956 ला त्यांचं गाव म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) गेलं तेव्हा त्यांना कुणी विचारलं नव्हतं. जिथं 15 टक्के लोक दुसरी भाषा बोलतात तिथं महत्त्वाचे कागद त्यांच्या भाषेतही द्यायचे, हे ठरलेलं आहे. मागितलं की रडगाणं कसं होतं?

निपाणीकर: मीही मराठीच आहे ताई. बँकेत रोज कन्नड बोलतो, माझं काही झिजलं नाही.

खानापूरची सून: तुम्ही बँकेत आहात. सासूबाई शेतात असतात.

शहापूरकर: ताई, हे मला पटतं, आणि म्हणूनच राग जास्त येतो. बाबांनी ज्या बाँडवर सही केली तोही कन्नडात होता. वाचून दाखवणारा तोच आणि खाणाराही तोच. ज्याच्या डोळ्यांनी आपण कागद बघतो, त्यानं दुसऱ्या बाजूचं ताट वाढून घ्यायचं?

अनगोळचा एजंट: आता माझं ऐका. मागच्या वर्षी मच्छेतलं घर एका पार्टीला सहा वेळा दाखवलं. पेट्रोल माझं, चावी आणायची धावपळ माझी. सातव्या वेळी मालक आणि घेणारा परस्पर भेटले. फोन केला तर मालक म्हणतो, "तुझं काही लेखी आहे का?" नव्हतं. पोराची फी उसने घेऊन भरली. तेव्हा हा करार कायदा कुणी काढला नाही.

टिळकवाडीतला वकील: लेखीच पाहिजे असं नाही, तोंडी ठरलेलंही चालतं. सिद्ध करणं मात्र अवघड.

शहापूरकर: तुमच्या बाबतीत झालं ते चूकच. मी असतो तर पैसे दिले असते, एवढं मान्य करतो. पण त्याची वसुली माझ्या बाबांकडून नको.

अनगोळचा एजंट: मी तुमच्या बाबांकडून काही घेतलेलं नाही, दुसऱ्याचं माझ्यावर ढकलू नका. राहता राहिलं दोन्हीकडून घेणं. घेणार असेन तर दोघांनाही आधी सांगेन, इथपर्यंत येतो. आणि संचकार स्वतःच्या नावानं केला तर मालकाकडून कमिशन नाही. मनापासून पटलंय असं नाही, पण बाहेर चहा पिताना असं कळणं वाईट.

शहापूरकर: कागदावर लिहून द्याल?

अनगोळचा एजंट: देईन. पण त्याच कागदावर माझे 2 टक्के आधी लिहायचे, आणि मालकाची सही माझ्यासमोर पाहिजे.

खानापूरची सून: आणि कागद मराठीत.