‘तो एकटा आला’ : सोनू सूद, कृतज्ञता आणि आपले विस्मरण

गिरणगावकर
काल ‘कुर्लापूर्व’ यांनी लिहिले की २०२०च्या टाळेबंदीतील कामामुळे सोनू सूद हे त्यांचे आयुष्यभराचे आदर्श झाले आहेत, त्यांचे छायाचित्र त्यांनी घरात आजोबांच्या तसबिरीशेजारी लावले आहे आणि त्या दिवसांत ‘कोणीच आले नाही, तो एकटा आला’. भिंतीवर कोणाचे छायाचित्र लावावे हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे. ‘एकटा’ हा शब्द मात्र मला सहन झाला नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

सूद यांनी जुहूचे आपले हॉटेल आरोग्य कर्मचाऱ्यांना राहण्यासाठी दिले आणि मे महिन्यात श्रमिकांना गावी पोहोचवणाऱ्या बसगाड्या सोडल्या, हे मला मान्य आहे आणि ते मोलाचे आहे. पण त्याच मे महिन्यात एसटीच्या गाड्या श्रमिकांना राज्याच्या सीमेपर्यंत मोफत नेत होत्या, बेस्टच्या गाड्या त्यांना स्थानकांपर्यंत सोडत होत्या, आणि आमच्या चाळीतल्या बायका आपल्याच शिध्यातून पोळ्या लाटून त्या रस्त्याने चालत निघालेल्यांच्या हातात देत होत्या. यांपैकी कोणाचे छायाचित्र कोणी लावले नाही. तेलंगणातल्या सिद्दीपेट जिल्ह्यात एका तांड्यावर सूद यांचे मंदिर उभे राहिले, तेही त्याच वर्षाच्या डिसेंबरात. चेहरा आधीपासून ओळखीचा असला तरच आपल्याला उपकार दिसतात का, एवढाच माझा प्रश्न आहे.

कुर्लापूर्व
आपण चाळीतून पोळ्या वाटल्या याबद्दल आदर आहे, पण माझी बाजू ऐकून घ्या. माझा शिलाईचा छोटा कारखाना आहे. टाळेबंदी लागली तेव्हा तिथे काम करणारी उत्तर प्रदेशातली नऊ मुले माळ्यावर अडकली. श्रमिक गाड्यांसाठी पोलीस ठाण्यात अर्ज भरले, डॉक्टरांचे दाखले रांगेत उभे राहून मिळवले आणि अकरा दिवस फोनची वाट पाहिली. आठ मेला औरंगाबादजवळ करमाड येथे रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले, ती बातमी पाहून त्यांच्यातला सर्वांत लहान मुलगा रात्रभर रडला आणि पहाटे चालत निघायचे म्हणून सामान बांधू लागला. अशा वेळी सूद यांच्याकडे काम करणाऱ्या एका अनोळखी मुलीचा फोन आला, तिने नऊ नावे लिहून घेतली आणि चौथ्या दिवशी मुले बसमध्ये बसली. आपल्या तत्त्वचर्चेने ती गाडी आली नसती. माझ्या दारात जो आला त्याला मी आदर्श मानले, तर त्यात आपले काय बिघडले?

डेपोची लेक
माझे वडील बेस्टमध्ये चालक होते. संपूर्ण टाळेबंदीत त्यांनी परिचारिकांना, सफाई कामगारांना आणि मे महिन्यात श्रमिकांना टर्मिनसपर्यंत नेले. घरी आल्यावर ते जिन्यातच कपडे बदलत आणि आईशी दारातूनच बोलत. जूनमध्ये त्यांना करोना झाला. ते वाचले, पण फुप्फुसे पूर्वीसारखी राहिली नाहीत आणि त्यांनी मुदतीआधीच नोकरी सोडली. त्यांच्या डेपोतले दोन सहकारी परतलेच नाहीत.

‘कुर्लापूर्व’, तुमच्या मुलांना बस मिळाली याचा मला मनापासून आनंद आहे. पण ‘कोणीच आले नाही’ असे तुम्ही लिहिता तेव्हा माझे वडील त्या ‘कोणीच’मध्ये मोडतात. ते पगारी नोकर होते, म्हणून त्यांचे धाडस कमी ठरते का?

पार्लेकर
मला व्यक्तीपेक्षा सवयीची अधिक चिंता वाटते. ब्रिटनमध्ये जिमी सॅव्हिल हा बीबीसीवरचा निवेदक रुग्णालयांसाठी कोट्यवधी पौंड जमवत असे, त्याला १९९० मध्ये ‘सर’ हा किताब मिळाला, आणि २०११ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर वर्षभरातच उघड झाले की त्याच रुग्णालयांतील मुलांवर आणि रुग्णांवर तो अनेक वर्षे अत्याचार करीत होता. ज्यांना संशय आला त्यांनीही ‘एवढा मोठा दाता’ म्हणून तोंड उघडले नाही. आपल्याकडील कोणत्याही कलाकाराशी मी ही तुलना करीत नाही. दातृत्वामुळे माणूस प्रश्नांच्या पलीकडे जातो, एवढेच सांगायचे आहे.

याउलट पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राला उभे राहायला पैसे दिले आणि गाजावाजा न करता ते बाजूला झाले. डॉ. श्रीराम लागू आणि निळू फुले यांनी नाटकाचे प्रयोग करून सामाजिक कृतज्ञता निधीसाठी पैसे उभे केले, ते पूर्णवेळ कार्यकर्त्यांच्या मानधनासाठी. लक्ष कामाकडे राहिले, दात्याकडे नाही.

कुर्लापूर्व
ही तुलना नाही असे म्हणून ती तुलना करणे मला अत्यंत आक्षेपार्ह वाटते. ज्या माणसाने माझी मुले घरी पोहोचवली, त्याच्याविषयीच्या चर्चेत एका विकृत गुन्हेगाराचे नाव आणण्याची गरज नव्हती. आणि गाजावाजा झाला नसता तर त्या मुलीपर्यंत माझा अर्ज पोहोचला असता का? ट्विटरवर जाहीरपणे मदत मागता येत होती, म्हणूनच ती मिळाली. पडद्याआडचे दान ज्याला ठाऊकच नाही, तो तिथे हात कसा पसरणार?

पार्लेकर
शेवटचा मुद्दा मी खोडू शकत नाही. उदाहरण निवडताना आपल्या भावनांचा विचार करायला हवा होता, हेही मान्य.

शीवकर
‘हात पसरणार’ या शब्दांवर मला थांबायचे आहे, कारण माझ्या घरी तोच प्रसंग घडला. २०२१च्या दुसऱ्या लाटेनंतर माझ्या मेहुण्याला हृदयाची शस्त्रक्रिया सांगितली. तो रिक्षा चालवतो, शिधापत्रिका पिवळी आहे. मुंबईतल्या एका मोठ्या विश्वस्त रुग्णालयाने आधी अनामत रक्कम भरायला सांगितली. आम्ही तीन दिवस समाजमाध्यमांवर नटांना, खेळाडूंना, आमदारांना विनवण्या लिहीत होतो. बहिणीने नवऱ्याचा नळ्या लावलेला फोटोसुद्धा टाकला, आणि तो तिला आजही आठवला की ती खाली मान घालते.

चौथ्या दिवशी वॉर्डातल्या एका परिचारिकेने हळूच सांगितले की सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या अशा रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाने ही योजना २००६ मध्ये घालून दिली. देयकांच्या रकमेतून दोन टक्के निर्धन रुग्ण निधीत वेगळे काढायचे असतात, निर्धन रुग्णाकडून अनामत मागायची नसते, आणि तहसीलदारांचा दाखला किंवा शिधापत्रिका पुरावा म्हणून चालते. आम्ही वरळीला धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात गेलो, अर्ज दिला आणि दोन दिवसांत खाट मिळाली. तीन दिवस आम्ही जी भीक मागत होतो, तो आमचा हक्क होता.

गिरणगावकर
‘शीवकर’ यांनी माझ्या मनातले नेमके मांडले. या रुग्णालयांना कर, जमीन आणि बांधकाम यांत सवलती मिळत आल्या आहेत, म्हणजे त्या खाटांचे पैसे समाजाने आधीच दिलेले आहेत. तरीही तिथे कोणी कलाकार मध्यस्थी करून रुग्णाला दाखल करवतो, तेव्हा वर्तमानपत्रात त्याचे कौतुक छापून येते, आणि खाट रिकामी असताना नाकारली कोणी, हे कोणी विचारत नाही.

कुर्लापूर्व
हे आपण मला ऐकवत आहात, पण ती खाट नाकारणारे मी किंवा सूद नव्हेत. योजना २००६ची असेल, तर पंधरा वर्षांनी तिची माहिती परिचारिकेने हळूच का सांगावी लागली? आपण हक्काविषयी बोलणारे सर्व जण तेव्हा कुठे होता? त्या मुलांच्या अर्जाचेही तसेच झाले. हक्काचा दरवाजा बंद असला की माणूस ज्या खिडकीत दिवा दिसतो तिथेच जातो.

शीवकर
हा राग रास्त आहे आणि तो माझ्यावरही येतो. मेहुणा घरी आल्यावर मी सुटकेचा श्वास टाकला आणि शेजाऱ्यांनाही ही योजना सांगितली नाही. गेल्या वर्षी आमच्याच इमारतीतल्या एका कुटुंबाने उपचारांसाठी गावची जमीन विकली.

डेपोची लेक
‘कुर्लापूर्व’, मला तुमच्या भिंतीवरचे छायाचित्र उतरवायचे नाही. ती मुले ज्या बसने गेली, तिच्या चालकाचे नाव तुम्हाला ठाऊक आहे का?

कुर्लापूर्व
नाही. विचारले नव्हते. झाशीच्या पुढे गाडी बिघडली होती आणि त्या चालकाने स्वतःच्या खिशातून मुलांना जेवण दिले, असे सर्वांत लहान मुलाने फोनवर सांगितले होते, ते आता तुम्ही विचारल्यावर आठवले. मुलाला फोन करून नाव मिळते का पाहतो. ‘एकटा’ हा शब्द मागे घेतो. छायाचित्र मात्र तिथेच राहील.

‘शीवकर’, माझ्या कारखान्यातल्या एका कारागिराच्या आईला गर्भाशयाची शस्त्रक्रिया सांगितली आहे आणि तिची शिधापत्रिका केशरी आहे. ती कोणत्या दहा टक्क्यांत बसेल आणि अर्जासोबत काय जोडावे लागेल, हे सविस्तर लिहाल का? सोमवारी वरळीला जातो.