टॉटनमच्या स्टेडियमवर सामना: तिकीट, जागा आणि परतीची गर्दी

मैदानी: ऑक्टोबरात बाबांसोबत लंडनला जातोय. टॉटनम हॉटस्पर या फुटबॉल क्लबच्या नव्या स्टेडियमवर प्रीमियर लीगचा एक सामना बघायचाय. बाबांचे गुडघे दुखतात, फार चालवत नाही. तिकीट कुठून काढू, जागा कुठली घेऊ, जाऊ-येऊ कसं?

उत्तरलंडनकर: आधी तारखेचं बघा. टीव्हीसाठी शनिवारचा सामना रविवारी, कधी सोमवारी रात्रीही सरकतो. परतीचं विमान त्याला खेटून ठेवू नका.

तिकीट क्लबच्याच संकेतस्थळावर काढा. बहुतेक सामन्यांना आधी सभासदत्व लागतं, तेही सहसा प्रत्येकाचं वेगळं. बाहेरच्या दलालाकडून घेऊ नका. इंग्लंडमध्ये फुटबॉलची तिकिटं परवानगीशिवाय विकणं 1994 च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि क्लबने तिकीट रद्द केलं तर तुम्ही गेटवरच अडकाल. हॉस्पिटॅलिटीचं, म्हणजे खाण्यापिण्याच्या सोयीसकटचं, तिकीट महाग पडतं, पण त्याला सभासदत्व लागत नाही.

काकांसाठी दक्षिण स्टँड नकोच. 17,500 जणांचा तो एकसंध उतार म्हणजे या स्टेडियमचा जीव, पण तिथे लोक सामनाभर उभे असतात. बसलेल्या माणसाला पुढच्यांच्या पाठीच दिसतील. पूर्व किंवा पश्चिम स्टँडचा खालचा मजला बघा, आणि पायऱ्या किती चढाव्या लागतील ते क्लबला ईमेलने आधीच विचारा.

लालबस: सर्वात जवळचं स्टेशन व्हाइट हार्ट लेन. लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनहून ओव्हरग्राउंडने (लंडनची लोकल) या, उतरल्यावर चार-पाच मिनिटांची चाल. मेट्रोच्या व्हिक्टोरिया लाइनचं सेव्हन सिस्टर्स स्टेशन नकाशावर सोयीचं वाटतं, पण तिथून अर्धा तास चालावं लागतं. टॅक्सीवरही विसंबू नका. सामन्याच्या वेळी स्टेडियमसमोरचा हाय रोड वाहनांना बंद असतो, गाडी लांबच थांबते.

खरी कसोटी परतताना. 62,850 जणांचं स्टेडियम एकदम रिकामं होतं आणि स्टेशनवर रांगेतून थोडे थोडेच लोक आत सोडतात. काकांना तिथे ताटकळत ठेवण्यापेक्षा सामन्यानंतर पाऊण तास आतच थांबा. खाण्यापिण्याचे काउंटर तेव्हाही चालू असतात.

निळीजर्सी: पैशांचं राहिलं. आत रोख चालत नाही. आपल्या कार्डांवर परदेशी आणि कॉन्टॅक्टलेस व्यवहार आपण चालू केल्याशिवाय होत नाहीत, म्हणून बँकेच्या ॲपमध्ये ते भारतातूनच चालू करून ठेवा.

तिकीट फोनच्या वॉलेटमधून गेटला टेकवायचं असतं, स्क्रीनशॉट चालत नाही. काकांचं तिकीट त्यांच्या फोनवर पाठवा आणि दोन्ही तिकिटं हॉटेलच्या वायफायवरच वॉलेटमध्ये घालून घ्या. फोन भरपूर चार्ज ठेवा. ए-4 कागदापेक्षा मोठी बॅग आत घेत नाहीत.

पाहुण्या संघाचा शर्ट घालून यजमानांच्या भागात बसू नका, बाहेर काढतात. बिअर मैदान दिसेल अशा जागी प्यायला कायद्याने बंदी आहे, तेव्हा ग्लास घेऊन जागेवर जाता येणार नाही. इथले ग्लास तळातून भरतात, ते मात्र काउंटरपाशी थांबून बघाच. मध्यंतर 15 मिनिटांचंच असतं आणि स्वच्छतागृहासमोरही रांग लागते. काकांना पहिला हाफ संपायच्या पाच मिनिटं आधी उठवा.